वैमानिकाला ॲडमिरल व्हायचं असेल तर

१८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी सी हॉक जातीचं जेट विमान चालत्या बोटीवर उतरवलं. बोट होती आयएनएस विक्रांत. भारतीय वैमानिकानं तिच्या डेकवर जेट उतरवण्याची ही पहिलीच वेळ. तोपर्यंत विक्रांतनं मुंबई पाहिलीही नव्हती. त्याच वर्षी ४ मार्चला बेलफास्टमध्ये ती नौदलात दाखल झाली होती आणि अजून तिकडच्याच पाण्यात सराव करत होती. पुढे १९८४ च्या अखेरीस हेच ताहिलियानी नौदलप्रमुख झाले. एका वैमानिकानं नौदलाचं सर्वोच्च पद गाठण्याचीही ती पहिलीच वेळ.

यातल्या पहिल्या घटनेबद्दल लिहायला सगळ्यांनाच आवडतं. तिच्यात थरार आहे, फोटो आहे, तारीख आहे. दुसरी घटना कशी घडते हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. उत्तम विमान चालवतो म्हणून नौदलात कोणी ॲडमिरल होत नाही. हवाई दलातला लढाऊ वैमानिक स्क्वाड्रन, तळ, कमांड या पायऱ्या विमानाचा हात न सोडता चढत जाऊ शकतो. नौदलात त्याला दर काही वर्षांनी खाली बोलावलं जातं. पंख बाजूला ठेव, बोटीवर ये आणि आता ही चालवून दाखव, असा तो रिवाज. वरची पदं मिळतात ती बोट चालवून दाखवणाऱ्यांना.

असं का, हे कळायला आधी ते उतरणं जरा जवळून पाहावं लागेल.

सी हॉक एका इंजिनाचं, एकाच वैमानिकाचं विमान. डेकवर येताना त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असे. विक्रांतची एकूण लांबी २१३ मीटर, आणि उतरायला मिळणारी जागा त्याहून बरीच कमी. विमानाच्या शेपटीखाली हूक असतो आणि डेकवर पोलादी दोर आडवे ताणलेले असतात. हूक दोरात अडकला की दोन-तीन सेकंदांत विमान थांबतं. खांद्यावरचे पट्टे वैमानिकाला असे आवळतात की काही क्षण श्वास घेणं जड जावं. पण चाकं डेकला टेकली म्हणून वैमानिक इंजिन मंद करत नाही, उलट पूर्ण जोरावर नेतो. हूक दोराला लागलाच नाही, तर पुन्हा हवेत जायला तेवढा जोर हाताशी हवा. म्हणजे थांबण्याची आणि उडण्याची तयारी त्याला एकाच वेळी करायची असते.

हे जमायला लागलं ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत ब्रिटिशांनी काढलेल्या तीन युक्त्यांमुळे. पहिली युक्ती तिरक्या डेकची. उतरण्याची पट्टी बोटीच्या रेषेत न ठेवता थोडी डावीकडे वळवली, त्यामुळे हूक चुकलेलं विमान पुढे उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता समुद्रावरून निघून जातं. दुसरी, विमानाला वाफेच्या जोरावर भिरकावून देणारी कॅटापुल्ट. तिसरी युक्ती आरशाची, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. रॉयल नेव्हीच्या निकोलस गुडहार्ट या अधिकाऱ्यानं आपल्या सेक्रेटरीची लिपस्टिक आणि तिचा पावडरीच्या डबीतला आरसा टेबलावर मांडून ती दाखवली होती. बोटीवर मोठा अंतर्वक्र आरसा, त्यात दिव्याचं प्रतिबिंब, दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची रांग. प्रतिबिंब हिरव्या रांगेच्या वर दिसलं तर विमान जास्त उंच आहे, खाली दिसलं तर धोकादायक खाली. त्याआधी हे काम डेकच्या कडेला उभा राहून हातातल्या रॅकेटींनी खुणा करणारा एक माणूस करायचा. जेट विमानं आली आणि त्या माणसाच्या हातांचा वेग अपुरा पडू लागला.

हे तिन्ही शोध विक्रांतला मिळाले, त्याला तिचं रखडलेलं बांधकाम कारण झालं. ‘एचएमएस हर्क्युलिस’ या नावानं १९४३ मध्ये तिचा पाया घातला, १९४५ च्या सप्टेंबरात ती पाण्यात उतरली, तोवर युद्ध संपलं आणि काम थांबलं. अर्धवट सांगाडा दहा-अकरा वर्षं तसाच पडून राहिला. भारतानं तो १९५७ मध्ये विकत घेतला आणि टायटॅनिक बांधणाऱ्या बेलफास्टच्या हारलंड अँड वुल्फ गोदीत पुरा करून घेतला. युद्ध आणखी दोन वर्षं चाललं असतं, तर ही बोट जुन्या सरळ डेकनिशी पुरी झाली असती आणि तिच्यावर जेट उतरवणं अवघडच होतं.

आता बोटीचा भाग. गिरगाव-दादरच्या वाचकाला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. सुटलेली लोकल पकडताना माणूस गाडीच्याच दिशेनं चार पावलं धावतो, म्हणजे त्याच्या आणि दाराच्या वेगातला फरक कमी होतो. विमानवाहू नौका नेमकं हेच करते. विमान उतरायच्या वेळी ती वाऱ्याकडे तोंड करते आणि वेग वाढवते. बोट २० नॉट चाललेली आणि समोरून १० नॉट वारा असेल, तर डेकवरून ३० नॉट वारा वाहतो, आणि विमानाला डेकच्या मानानं तेवढा वेग कमी ठेवून उतरता येतं. वारा फिरला की बोटीनं फिरायचं, आणि बोट फिरली की भोवतीच्या साऱ्या ताफ्यानं. शत्रू पूर्वेला असो की पश्चिमेला, विमानं यायची वेळ झाली की तोंड वाऱ्याकडे. कधी वळायचं, किती वेळ सरळ रेषेत चालायचं आणि त्या वेळात पाणबुडीला आयतं सावज होण्याचा धोका किती पत्करायचा, हे ब्रिजवर उभा असलेला कप्तान ठरवतो. उतरण्याचं निम्मं श्रेय वैमानिकाचं, निम्मं त्याचं. फोटो मात्र वैमानिकाचाच छापून येतो.

विक्रांतचा कप्तान वैमानिक असावा की नसावा, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा होता. अमेरिकेत विमानवाहू नौकेचं कप्तानपद नौदलाच्या वैमानिक किंवा उड्डाण शाखेतल्या अधिकाऱ्यालाच देता येतं, तसा कायदाच आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. तोफखाना किंवा नौकानयन यांसारख्या शाखांतले अधिकारीही भारतीय विमानवाहू नौकांचे कप्तान झाले आहेत. मला आपली रीत अधिक शहाणपणाची वाटते. उडणाऱ्यानं बोट शिकावी आणि बोटवाल्यानं उडणं समजून घ्यावं, ही अपेक्षा तिच्यात दोन्ही बाजूंनी आहे. ताहिलियानी यांनी आधी व्हाइट टायगर्स या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तीनशे नंबरच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं. जुलै १९६० मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी तळावर उभी राहिलेली, सी हॉक उडवणारी ही तुकडी. पुढे, ज्या डेकवर ते तरुणपणी उतरले होते, त्याच विक्रांतचे ते कप्तान झाले.

कप्तान होण्याआधीचा टप्पा सर्वात नीरस आणि सर्वात लांबलचक. त्याला वॉचकीपिंग म्हणतात. रात्री-बेरात्री काही तास ब्रिजवर उभं राहायचं, बोटीचा ताबा आपल्याकडे, कप्तान खाली झोपलेला. मुंबईच्या बाऱ्यात शिरतानाचा असा एखादा वॉच डोळ्यांपुढे आणा. डावीकडे कुलाब्याच्या टोकाचं १८७५ चं प्राँग्ज दीपगृह लुकलुकतंय, उजवीकडे खांदेरीवरचं कान्होजी आंग्रे दीपगृह. मधल्या पाण्यात कोळ्यांच्या होड्या, काहींवर मिणमिणता दिवा, काहींवर तोही नाही. डोल जाळ्यांचे खांब कुठे रोवलेत ते नकाशावर सापडेलच असं नाही. त्यात समोरून कंटेनर घेऊन येणारं जहाज आणि पायाखाली भरतीची ओढ. रडारवरचा कोणता ठिपका वळणार आहे, कोणता नाही, कप्तानाला उठवायचं की आपणच निर्णय घ्यायचा, हे सगळं दोन-तीन मिनिटांत ठरवायचं. हे काम विश्वासानं सोपवावं अशी खात्री झाली की कप्तान प्रमाणपत्र देतो. ते हातात नसेल तर पुढची वाट बंद. जेट उडवणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटणं साहजिक आहे. पण युद्धनौकेचा कप्तान याच अंधारात घडतो, आणि ॲडमिरल होतो तो त्या कप्तानातून.

श्रेणींच्या नावांत वाचकांचा नेहमी एक गोंधळ होतो. प्रवासी विमानाचा कॅप्टन वेगळा आणि नौदलातला कॅप्टन वेगळा. नौदलातला कॅप्टन सैन्यातल्या कर्नलच्या बरोबरीचा. सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर अशी चढण, आणि त्यानंतर रिअर ॲडमिरल. इथपासून अधिकाऱ्याला स्वतःचा ध्वज फडकवण्याचा मान मिळतो, म्हणून त्यांना फ्लॅग ऑफिसर म्हणतात. या श्रेणीवरच्या खांद्यांवर आता जे चिन्ह दिसतं, त्याची घोषणा ४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गातल्या नौदल दिनाच्या वेळी झाली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आणि त्यात तलवार, दुर्बीण. त्याआधीच्या वर्षी, २ सप्टेंबर २०२२ ला, नव्या विक्रांतच्या प्रवेशसोहळ्यात नौदलाच्या ध्वजावर हाच अष्टकोन आला होता. चार ताऱ्यांचा पूर्ण ॲडमिरल साधारणपणे एकच असतो, नौदलप्रमुख. बासष्टी पूर्ण होईपर्यंत किंवा तीन वर्षं, जे आधी संपेल तोपर्यंत त्याचा काळ.

या सगळ्या गोष्टीत मुंबईचा वाटा गोदीचा आहे. विक्रांत ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईला आली तेव्हा बॅलार्ड पिअरवर पंतप्रधान नेहरू स्वागताला होते. तिथून पुढे मुंबई तिचं घर झालं. डेकवर जे काही घडे, ते बाष्पकांच्या आणि टर्बाइनच्या जोरावर घडे, आणि ती बाष्पकं जिवंत ठेवायची म्हणजे नेव्हल डॉकयार्ड. १७३५ पासून चाललेल्या या गोदीत लालबाग, परळ, माझगावकडून सकाळी येणाऱ्या फिटर-वेल्डरांनी विक्रांतचे पाइप बदलले, पत्रे ठोकले, बॉयलरच्या आत शिरून काम केलं. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. तिला बुडवल्याची बातमी पाकिस्ताननं मात्र पसरवून दिली.

१९७१ मध्ये तर चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते आणि वेगावर मर्यादा घातली होती. वेगावर मर्यादा म्हणजे डेकवरचा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमानं उडवणं-उतरवणं जास्त जोखमीचं. बंगालच्या उपसागरात डिसेंबरात वारा आधीच पडलेला असतो. अशा अवस्थेत विक्रांत पूर्वेला गेली, आणि ४ डिसेंबरला तिच्यावरच्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि कप्तान स्वराज प्रकाश, दोघांनाही महावीर चक्र मिळालं. मुंबईत आपण ही हकीकत शौर्याची म्हणून सांगतो, ती आहेच. पण बॉयलरचा तडा, वाऱ्याचा अंदाज आणि विमानाचं वजन यांचा हिशेब कोणीतरी बसून केला, म्हणून ते शौर्य डेकवरून उडालं.

ताहिलियानी यांच्या प्रमुखपदाच्या काळात ब्रिटनकडून ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका विकत घेतली गेली. १२ मे १९८७ रोजी ती ‘विराट’ झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टात मुंबईला आली. निवृत्तीनंतर ताहिलियानी १९९० ते १९९४ या काळात सिक्कीमचे राज्यपाल होते आणि पुढे ‘ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल’च्या भारतीय शाखेचं काम त्यांनी पाहिलं. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

ताहिलियानींनंतर वैमानिक नौदलप्रमुख झाले ते तीन: अरुण प्रकाश, सुरीश मेहता आणि करमबीर सिंह. अरुण प्रकाश यांची वाट मला सर्वात वेधक वाटते. १९७१ मध्ये हा नौदलाचा अधिकारी हवाई दलात अदलाबदलीवर होता आणि हंटर विमानातून हल्ले करत होता. त्याबद्दल त्यांना वीर चक्र मिळालं. चकलाला तळावरच्या हल्ल्यात एक छोटं विमान जळालं. ते निघालं ध्वनीचा वेग प्रथम ओलांडणाऱ्या अमेरिकन चक येगर यांचं, कारण येगर तेव्हा पाकिस्तानात नेमणुकीवर होते. हा किस्सा अरुण प्रकाश यांनी स्वतःच खुमासदारपणे लिहिला आहे. १९८३ च्या डिसेंबरात त्यांच्या नेतृत्वाखाली पहिली सी हॅरियर विमानं ब्रिटनहून उडत गोव्याला दाबोळीला आली, आणि काही दिवसांतच विक्रांतवर उतरली.

सी हॅरियर हवेत उभं राहू शकतं. साधं विमान आधी टेकतं आणि मग थांबतं. हॅरियर आधी थांबतं आणि मग टेकतं. हूक नको, दोर नको. पण म्हणून काम सोपं झालं असं नाही. इंजिनाच्या जोरावर हवेत तरंगणारं विमान डुलणाऱ्या डेकवर बसवताना इंधन भराभरा जळतं, आणि गरम हवेत इंजिनाचा जोर कमी होतो. मुंबई-गोव्याच्या एप्रिल-मेमध्ये हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. पुढे विक्रांतवरची वाफेची कॅटापुल्ट काढून पुढच्या टोकाला वर वळलेला उतार बसवला गेला, त्याला स्की जंप म्हणतात. मुंबईच्या गोदीतल्या माणसांनी एकाच बोटीचे दोन जन्म पाहिले, हे फार थोड्या गोद्यांच्या वाट्याला आलं असेल.

याच अरुण प्रकाश यांनी पुढे चार युद्धनौकांचं कप्तानपद केलं, त्यात विराटही आली. पूर्व ताफ्याचं नेतृत्व केलं, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते, अंदमान-निकोबारच्या संयुक्त कमांडचे पहिले प्रमुखही. २००४ ते २००६ ते नौदलप्रमुख होते. यातली किती पदं विमानांशी संबंधित आहेत ते पाहा, म्हणजे नौदलाचं म्हणणं लक्षात येईल.

करमबीर सिंह हे हेलिकॉप्टरवाले, प्रमुखपदावर पोचलेले पहिले हेलिकॉप्टर वैमानिक. शिक्षण देवळालीच्या बार्न्स स्कूलमध्ये. त्यांनी चालवलेल्या बोटींची नावं आपल्या भागातल्या माणसाला ओळखीची वाटतील: तटरक्षक दलाची ‘चांदबीबी’, मग क्षेपणास्त्र नौका ‘विजयदुर्ग’, त्यानंतर ‘राणा’ आणि ‘दिल्ली’ या विनाशिका. अहमदनगरची राणी आणि कोकणातला किल्ला, या दोन नावांच्या बोटींवर त्यांचं कप्तानपद सुरू झालं. महाराष्ट्र आणि गुजरात क्षेत्राचे प्रमुख म्हणून ते मुंबईतही होते. ते नौदलप्रमुख असताना, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलानं वाचवलं. त्यात युद्धनौका होत्या आणि कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरून गेलेली हेलिकॉप्टरंही. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर काम केलं, वादळी समुद्रात.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, २००१ पासून काही वर्षं मुंबईत संग्रहालय होती आणि २०१४ मध्ये रे रोडजवळच्या दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादातलं थोडं एका मोटरसायकलच्या टाकीत गेलं, थोडं लायन गेटजवळ २०१६ मध्ये उभारलेल्या स्मारकात. विराटचं संग्रहालय सिंधुदुर्गात निवतीजवळ करायचं राज्य सरकारनं २०१८ मध्ये ठरवलं होतं, ८५२ कोटींचा आकडाही जाहीर झाला. बोट अखेर तोडायला अलंगला गेली. जुन्या बोटी जपणं महाग असतं हे मला मान्य आहे. पण ज्या शहरानं दोन विमानवाहू नौका पन्नासहून अधिक वर्षं दुरुस्त केल्या, त्याच्याकडे दाखवायला एक चौकातलं शिल्प उरावं, हे काही भूषणावह नाही. मोठ्या नौकांना पुरेल अशी २८१ मीटर लांबीची सुकी गोदी मात्र सप्टेंबर २०१९ मध्ये नेव्हल डॉकयार्डात सुरू झाली, हे सांगायला हवं.

सगळ्यांची वाट एकच असते असंही नाही. काही वैमानिक विमानाशीच राहतात. कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ११ जानेवारी २०२० रोजी तेजसच्या नौदली आवृत्तीचं विमान विक्रमादित्यच्या डेकवर उतरवलं. भारतात बनवलेलं लढाऊ विमान विमानवाहू नौकेवर उतरण्याची ती पहिली वेळ. चाचणी वैमानिकाचं हे काम दुसऱ्या कोणाला देता येत नाही, आणि त्यासाठी लागणारी वर्षं बोटीवर घालवता येत नाहीत. नौदलाला दोन्ही प्रकारची माणसं लागतात. ध्वज फडकवण्याच्या रांगेत मात्र बोट चालवलेली पुढे असतात.

विमानातून बोटीवर येणाऱ्यांत सगळेच चालकाच्या जागेवर बसणारे नसतात. ऑब्झर्व्हर या नावानं ओळखली गेलेली एक शाखा आहे. विमान दुसरा उडवतो. हा अधिकारी रडार पाहतो, पाण्यात टाकलेल्या ध्वनियंत्रांवरून पाणबुडीचा माग काढतो, कुठे जायचं ते सांगतो. विक्रांतवरच्या अलिझे विमानांची स्क्वाड्रन १९६१ मध्ये फ्रान्समध्ये उभी राहिली तेव्हा तिचे पहिले प्रमुख मिहिर रॉय हे ऑब्झर्व्हरच होते. पुढे ते विक्रांतचे कप्तान झाले आणि व्हाइस ॲडमिरल होऊन पूर्व कमांडचे प्रमुखही.

त्याच शाखेतल्या लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी. मुंबईच्या, धोबी तलावाच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये शिकलेल्या, २००९ मध्ये नौदलात आलेल्या. टीयू-१४२ या रशियन बनावटीच्या अवाढव्य टेहळणी विमानावर ऑब्झर्व्हर म्हणून काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला. या विमानांच्या चार इंजिनांचा आवाज इतका प्रचंड की शेजारच्या माणसाशी बोलायलाही इंटरकॉम लागे, आणि एकेक सफर कित्येक तासांची. पुढे त्या आयएनएस चेन्नई या विनाशिकेवर फर्स्ट लेफ्टनंट होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्याकडे आयएनएस त्रिंकत या नौकेचं कप्तानपद आलं. भारतीय नौदलाच्या युद्धनौकेचं कप्तानपद एका महिलेला मिळण्याची ही पहिलीच वेळ.

त्रिंकत छोटी आणि वेगवान गस्ती नौका, नाव निकोबारमधल्या एका बेटाचं. छोट्या नौकेच्या कप्तानाला हाताखाली फार माणसं नसतात, त्यामुळे कामाची विभागणीही फार करता येत नाही. रात्रीचा वॉच, बंदरात बोट धक्क्याला लावणं, इंजिनची तक्रार, खलाशाची रजा, सगळं एकाच माणसापाशी येतं. पुढच्या बढतीच्या मंडळासमोर याच महिन्यांचे अहवाल जातात. त्यात विमानात घालवलेल्या तासांचा आकडा असतो, पण आधी वाचली जाते ती बोट कशी चालवली याची नोंद.